लांबी

गाडी छान दिसते, ती म्हणाली.
छानच दिसते. नुकतीच धुतली आहे,
आणि थंडर बेमध्ये एप्रिलात कुणी गाडी धुऊन दाखवायला आणली
की मी आधी खाली वाकतो.

पाठीखाली पुठ्ठा,
पुठ्ठ्याखाली वितळत्या बर्फाचा काळा रबडा.
नोव्हेंबरपासून इथे रस्त्यांवर मीठ पडतं, पोत्यांनी नाही, ट्रकांनी.
ज्याचं मीठ खावं त्याला जागावं म्हणतात.
इथे मीठच खातं,
आणि सुरुवात दाराखालच्या पट्टीपासून करतं,
जिथे कुणी बघत नाही.

हे बघ, मी शॅनिसला म्हणतो,
मागच्या चाकावरची कमान:
रंगाखाली फोड, भिजल्या साबुदाण्याएवढे.
एक नखाने दाबला. कुरकुरला. आत तपकिरी पीठ.
छपरावर क्लिअर कोटने कात टाकायला घेतलीय.
बॉनेटवर खडीचे टवके,
लाकडाच्या ट्रकांमागे फार जवळून चालवलेली दिसते.
डिकीवर, नंबरप्लेटच्या दिव्याखाली
चहा सांडून वाळल्यासारखा ओघळ.
गारांचे खळगे बॅटरीच्या तिरप्या उजेडात मोजले,
सतरापर्यंत. मग सोडून दिलं.

ती वहीत लिहून घेते.
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे,
रोग्याची नोंद करावी तशी लिहिते:
जागा, आकार, वाढतंय का.
आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचंय,
उत्तरेच्या गावी, जिथे विमानच जातं,
तिथे ते मशीन नाही.

मालक, रेयो काल्लिओ, गॅरेजच्या दारात कॉफी धरून उभा.
मी घेतली तेव्हापासून एक ओरखडा नाही, म्हणाला.
खोटं बोलत नव्हता तो.
त्याला माहीतच नव्हतं.

मग मी खिशातलं चुंबक काढलं,
फ्रिजवरचं, माशाच्या आकाराचं.
पुढच्या दाराला चिकटलं. मडगार्डला चिकटलं.
मागच्या डाव्या दाराला लावलं
आणि मासा घसरत खाली चिखलात.

पुन्हा लावला.
पुन्हा.

वरून कीर्तन, आतून तमाशा.
बोटभर लांबी थापलीय,
पत्रा ठोकून सरळ करायचे कष्ट वाचवून.
राखाडी रंगही अर्ध्या छटेने निळा,
ढग आला की कळतं.
दार उघडून मी रबर मागे सारलं.
चिकटपट्टीची कड तिथे तशीच उभी,
कडेच्या रंगात रुतलेला ब्रशचा एक केस,
आणि अंगठ्याचा ठसा,
आडवा चिरलेला.

माझ्या उजव्या अंगठ्यावर वण आहे.
ग्राइंडरचा.

प्रोकोपचुकच्या शॉपमध्ये शुक्रवारी
पाचला पगार, सहाला बियर,
आणि साडेचारला लेनी ओरडायचा:
भर लांबी, घास, मार फवारा,
दोन हिवाळे टिकलं की आपला काय संबंध!
मी त्याचं मीठ खात होतो.
जागलो.

"कोण करतं असलं काम?" शॅनिसने विचारलं.
रागाने नाही. पेन वर धरून,
लिहून घ्यायला.

उत्तर एका अक्षराचं होतं.
"घाईत असलेला माणूस," म्हणालो.
तिने तेच लिहिलं.

रेयोने कुरकुरत नऊशे डॉलर कमी केले.
सांगाडा शाबूत आहे, ब्रेक नवे आहेत,
दोनदा खाली जाऊन बघितलं.
घे, म्हणालो. हे तरी खरं होतं.
आणि जूनमध्ये आण, सगळं कोरडं पडलं की.
दार मी करून देतो. पत्र्यापासून.

"किती घ्याल?"

मी मासा उचलून पँटला पुसत होतो,
एकदा, मग दुसऱ्या बाजूने.
ती थांबली होती.
पेन अजून वरच होतं.